चित्रकार धुरंधर आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ

आमच्या ग्वाल्हेरीतील एखाद्या जुन्या मराठी घराचे कपाट उघडले, तर त्यात काळ्या कापडी पाठीची, जाड पुठ्ठ्यांत बांधलेली पुस्तके हटकून सापडतात. त्यांतील मजकूर शाबूत असतो. मूळचे मुखपृष्ठ मात्र बहुधा नसते. बांधणी करताना कारागीर ते फाटके पान प्रथम टाकून देई. त्या टाकलेल्या पानांबरोबर एका पिढीची चित्रकलाही गेली. त्या पिढीतील एक अग्रणी म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापूर येथे झाला. 1890 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि 1931 साली सेवानिवृत्त होऊनच तेथून बाहेर पडले. आधी विद्यार्थी, मग अध्यापक, पुढे मुख्याध्यापक आणि अखेरीस काही काळ संचालकपदाचा कार्यभार, असा तो क्रम होता. 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पदव्या आणि पदके यांची यादी याहून लांब आहे. ती आम्ही येथे देत नाही.

त्या काळी मुद्रणकलेत मोठे स्थित्यंतर घडत होते. पुण्याची चित्रशाळा 1878 पासून देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे शिळाप्रेसवर छापीत होती. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी दगडावर निराळे रेखाटन करावे लागे. पुढे ठशांची छपाई आली. पिवळा, तांबडा व निळा अशा तीन ठशांनी, एकावर एक अचूक दाब देऊन, हवे ते चित्र कागदावर उतरू लागले. एक ठसा केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई! या सोयीमुळे मासिकांना व पुस्तकांना सचित्र वेष्टन परवडू लागले. ‘मनोरंजन’ मासिकाने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तोही याच सुमारास.

देशात तेव्हा वंगभंगाची चळवळ पेटली होती. 1905 साली अवनींद्रनाथ ठाकुरांनी भारतमातेचे चित्र काढले. भगव्या वस्त्रातील त्या चतुर्भुज मातेच्या हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ आहे. विद्या, अन्न, वस्त्र आणि धर्म ही चारही मागणी एका आकृतीत आली. जे उघड लिहिणे राजद्रोह ठरले असते, ते कमळ, उगवता सूर्य, समई, सरस्वती, शिवछत्रपती अशा चिन्हांतून पुस्तकांच्या दर्शनी पानावर निर्धास्तपणे मांडता येई.

धुरंधरांची वाट निराळी होती. ते सरकारी कलाशाळेचे सेवक होते, आणि त्यांची शैली विलायती शिस्तीची होती. बंगाली कलापंथाचे अभिमानी या शैलीला परकी म्हणत. हा आक्षेप आम्हांस अर्धाच पटतो. छायाप्रकाशाचे गणित परके असेल. पण नऊवारीचा काष्टा, नाकातील नथ, वडाला फेऱ्या घालणाऱ्या सुवासिनी, देवघरातील तांब्या-पितळेची उपकरणी हे सारे कोणत्या विलायतेतून आले? 1914 साली किंकेड यांनी आपल्याकडील सोमवार-मंगळवारच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची होती. श्रावणात आजीच्या तोंडून ऐकलेली कहाणी लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकात मराठमोळ्या वेषातच उभी राहिली. एडवर्ड्‌स यांच्या मुंबईवरील पुस्तकातही (1912) त्यांचीच चित्रे होती. रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी 48 रंगीत चित्रे काढली. ग्रंथ इंग्रज वाचकांसाठी. परंतु नाना प्रांतींच्या, नाना जातींच्या स्त्रिया एकाच वेष्टनात एकत्र आल्या, आणि एवढा विविध देश एकच आहे, हे पाहणाऱ्यास आपोआप जाणवू लागले.

त्यांच्या शिवराज्याभिषेकाच्या चित्राविषयीही आम्हांस हेच वाटते. ज्यांच्या राज्यात रावबहादूर ही पदवी मिळाली, त्यांच्याच राज्यात सिंहासनारूढ छत्रपती रंगवायचे, यातील अवघडपणा त्यांना जाणवला नसेल, असे आम्ही मानत नाही. सभेत भाषण करणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सिंहासन रंगविले. फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून रोज शाळेत येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना अशा मूक स्मरणाचे मोल निराळे सांगावयास नको.

पोस्टकार्डे, रेल्वेची भित्तिपत्रके, नव्या दिल्लीतील सचिवालयाची भित्तिचित्रे, त्यांच्या कुंचल्याने काहीच क्षुल्लक मानले नाही. कन्या अंबिका यांनाही त्यांनी याच विद्येत तयार केले. त्या काळी मुलींनी कलाशाळेत जाणे नवलाचेच होते.

1 जून 1944 रोजी धुरंधर निवर्तले. स्वातंत्र्य तीन वर्षे दूर होते. त्यापूर्वी, 1940 साली, त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. आम्हांस ते एका परिचिताच्या घरी वाचावयास मिळाले. प्रत उत्तम बांधलेली होती; मुखपृष्ठ मात्र बांधणीत गेले होते.