महामहोपाध्याय काणे वकील

आमच्या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांच्या घरी कोर्टकचेरीचा विषय निघतो तो बहुधा शेताच्या धुऱ्यावरून किंवा भाऊबंदांच्या वाटणीवरून. आर्वीस अगर हिंगणघाटास निकाल लागतो, हरलेल्या पक्षाचे समाधान होत नाही, आणि मग अपील हा शब्द घरातील लहान मुलांच्याही तोंडी बसतो. अपील म्हणजे तोच खटला पुन्हा पहिल्यापासून चालविणे, असा पुष्कळांचा समज असतो; तो बरोबर नाही. वरिष्ठ कोर्टात सहसा नवे साक्षीदार उभे राहत नाहीत, उलटतपासणीची खडाजंगी होत नाही. खालच्या कोर्टाचे दप्तर पुढे असते, आणि निकाल देणाऱ्याने कायदा बरोबर वाचला की नाही, पुराव्याचा अर्थ योग्य लावला की नाही, एवढेच वकिलास दाखवावयाचे असते. ह्या कामास मोठा आवाज फारसा उपयोगी पडत नाही. वाचन मात्र अफाट लागते. अशा वाचनावर ज्यांची सारी हयात गेली, त्या डॉ. पांडुरंग वामन काणे ह्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

काणे ह्यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे येथे आजोळी झाला. वडील दापोलीस तालुक्याच्या कोर्टात वकिली करीत. त्यांनी मुलाकडून लहानपणीच अमरकोशाचे श्लोक पाठ करून घेतले. इंग्रजी शिक्षण मात्र झाले ते दापोलीच्या एस. पी. जी. मिशनच्या हायस्कुलात, आणि १८९७ साली मॅट्रिक झाल्यावर पुढचे मुंबईच्या विल्सन कॉलेजात. म्हणजे तेही मिशनच्याच विद्यालयात. सनातनी घरातील हा मुलगा दोन्ही ठिकाणी शिकला आणि संस्कृतात पारितोषिके मिळवून बाहेर पडला, हे सांगताना आम्हा मिशन शाळांतील शिक्षकांस थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील. शाळेच्या दिवसांतच त्यांना पोटाचे दुखणे जडले, व ते जन्मभर सुटले नाही.

पदवीनंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १९०४ पासून तीन वर्षे ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात होते, पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. दिवसा वर्ग, रात्री स्वतःचा अभ्यास, असा क्रम चाले. शिकवीत असतानाच त्यांनी शिक्षकांची परीक्षा दिली, कायद्याची पदवी मिळविली, निबंधांवर बक्षिसे घेतली, आणि विश्वनाथाच्या साहित्यदर्पणाची आवृत्ती सिद्ध केली. ती १९१० साली निघाली. पुढे कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा त्यांस काही काळ मिळाली. परंतु कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा त्यांस डावलून दुसऱ्याची निवड झाली. हा आघात लहान नव्हता. सरकारी नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्यास निश्चित पगार आणि म्हातारपणी पेन्शन. ती एकतिसाव्या वर्षी सोडून, पोटाचे दुखणे सोबतीस घेऊन, १९११ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिलीस आरंभ केला.

त्या काळी मुंबई हायकोर्टाचे कामकाज दोन भागांत चाले. मुंबई शहरातील बडे दावे मूळ शाखेत येत. तेथे बॅरिस्टर व सॉलिसिटर ह्यांचे राज्य होते, आणि पैसाही तेथेच. मुलखातील जिल्ह्यांच्या कोर्टांतून आलेली अपिले अपील शाखेत चालत, व ती देशी वकील चालवीत. काणे ह्यांचे काम ह्या दुसऱ्या शाखेत. पहिली वर्षे नव्या वकिलास कोण विचारतो? काणे ह्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांचे खासगी वर्ग चालवून संसार भागविला. १९१२ साली हिंदु व मुसलमानी कायद्यात एल्एल्. एम्. केले, आणि १९१७ ते १९२३ पर्यंत मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात अध्यापनही केले.

दत्तक, वारसा, वाटणी, स्त्रीधन ह्यांवरील अपिले तेव्हा स्मृतिग्रंथ व त्यांवरील टीका ह्यांच्या आधारे चालत. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मिताक्षरेस मान होता. मुंबई बेट, उत्तर कोकण व गुजरात येथे नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखास अग्रमान. म्हणजे मुंबईस राहणाऱ्या एखाद्या बाईचा हक्क सतराव्या शतकातील एका पंडिताच्या वाक्यावर ठरावयाचा! आणि ते वाक्य बहुतेक वकील व न्यायाधीश इंग्रजी भाषांतरातून वाचीत. भाषांतर चुकले तर घर गेले. काणे मूळ संस्कृत पोथीपाशी जात. ही हस्तलिखिते ताडून त्यांनी व्यवहारमयूखाची आवृत्ती तयार केली. ती पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे १९२६ साली प्रसिद्ध झाली. धर्मशास्त्राचे ग्रंथ कोणते, त्यांचे कर्ते कोण, त्यांचा काळ कोणता, ह्याविषयी एक प्रस्तावना त्या आवृत्तीस जोडावी असा त्यांचा बेत होता. तो विषय प्रस्तावनेत मावेना. त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला, आणि त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला.

हाच तो इंग्रजीतील धर्मशास्त्राचा इतिहास. दुसरा खंड १९४१ साली, तिसरा १९४६ साली, चौथा १९५३ साली, आणि पाचव्याचा शेवटचा भाग १९६२ साली, कर्त्याच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. सुमारे साडेसहा हजार पृष्ठे, एका हाताने लिहिलेली. गिरगावात आंग्रेवाडीतील बिऱ्हाड, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आणि हायकोर्ट, एवढ्या परिसरात त्यांचे आयुष्य गेले. अशिलांची कामे कमी घेतल्याखेरीज असे पुस्तक होत नाही. ज्या वयात वकिलाची मिळकत वाढते, त्या वयात काणे टिपणे काढीत बसले होते.

वकिलीचा ठसा ह्या ग्रंथावर पानोपानी दिसतो, असे आमचे मत आहे. प्रतिपक्षाचे वचन ते दडवीत नाहीत; ते आधी पुढे ठेवतात, त्याचे स्थळ सांगतात, आणि मगच आपला निर्णय देतात. विधवांच्या केशवपनाचा प्रश्न घ्या. ही चाल अनादि आहे अशी लोकांची दृढ समजूत होती. काणे ह्यांनी वेद, गृह्यसूत्रे, जुन्या स्मृती ह्यांची साक्ष घेऊन, प्राचीन ग्रंथांत ह्या सक्तीस भरभक्कम आधार नाही व ती मागाहून रूढ झाली, असे दाखविले. हे केवळ कागदावर राहिले नाही. पंढरपूर येथे केस राखलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या पूजेच्या हक्कावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा काणे तिच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. शास्त्र जाणणारा मनुष्य रूढीच्याच बाजूस असावयाचा, अशी ज्यांची खात्री होती, त्यांस हे रुचले नसणार.

मानसन्मान उशिरा आले, पण भरपूर आले. १९४२ साली महामहोपाध्याय ही पदवी. १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. पुढे राज्यसभेचे सभासदत्व. चौथ्या खंडास १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक. १९६३ साली भारतरत्न. त्यांची सर्वच मते सर्वांस पटली असे नाही. नव्या राज्यघटनेने लोकांस हक्क दिले पण कर्तव्ये सांगितली नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. शतकानुशतके ज्यांच्या वाट्यास केवळ कर्तव्येच आली, त्यांस आधी हक्क मिळाले हे योग्यच झाले, असे आम्हास वाटते. काणे १९७२ साली वारले. घटनेत मूलभूत कर्तव्यांचे कलम आले ते त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ साली.

१९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने वारशाचे पुष्कळसे जुने वाद मिटविले, आणि वारशापुरती मयूखाची सत्ता संपली. तरीही धर्म, देवस्थाने, रूढी ह्यांविषयी प्रश्न निघाला की न्यायाधीश काणे ह्यांचे खंड अजून उघडतात. पाचव्या खंडाच्या अखेरीस त्यांनी थोडी पाने स्वतःविषयी लिहिली आहेत. एवढ्या मोठ्या ग्रंथात स्वतःस दिलेली जागा तेवढीच.