तालीम, मैदान आणि समाज : राजर्षी शाहू छत्रपतींचे पुण्यस्मरण

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे नाव निघाले की मागासलेल्यांसाठी ठेवलेल्या राखीव जागा, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण आणि अस्पृश्यतेविरुद्धचा त्यांचा झगडा या गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्यांच्या कुस्तीप्रेमाचा उल्लेख मात्र राजेरजवाड्यांची एक हौस म्हणून दोन ओळींत उरकला जातो. वस्तुतः तालमी व मैदाने हा त्यांच्या लोकोद्धाराच्या कार्याचाच एक भाग होता. तरुणांच्या हिताची चिंता वाहणाऱ्या आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेला त्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून त्या अंगाने हे चरित्र येथे सादर करीत आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व माता राधाबाई. मातेचे छत्र अगदी बालपणी हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले. दोनच वर्षांनी पितृवियोगही घडला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व पुढे धारवाड येथे फ्रेझर साहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. अश्वारोहण, शिकार व मेहनत यांची आवड याच काळात जडली आणि शरीर भरदार झाले. स्वतः लंगोट लावून मातीत उतरलेला हा राजा होता. मल्लाला काय लागते व कोठे अडते, हे त्यास दुसऱ्याने सांगावे लागत नसे.

२ एप्रिल १८९४ रोजी महाराजांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर लवकरच दुष्काळ व प्लेग ही दोन अरिष्टे ओढवली. त्यांच्या निवारणार्थ फिरताना प्रजेची खरी स्थिती त्यांनी जवळून पाहिली. खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा हुशार असला तरी शिकत नसे, कारण शहरात त्यास राहावयास जागा नसे व जेवावयास अन्न नसे. १८९६ साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिले. परंतु त्या काळच्या सोवळ्याओवळ्यापुढे तो प्रयोग टिकला नाही. तेव्हा त्यांनी व्यवहारी मार्ग पत्करला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले, आणि पुढील वीस वर्षांत मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, सारस्वत, प्रभू, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली निघालेले मिस क्लार्क बोर्डिंग त्यांपैकीच होय. प्रत्येक समाजास आपल्या मुलांची जबाबदारी उचलण्यास लावावे व दरबाराने जागा, इमारत व द्रव्य यांचे साह्य द्यावे, अशी ही योजना होती.

जातवार वसतिगृहे ही महाराजांनी परिस्थितीशी केलेली तडजोड होती. त्यांचे अंतिम ध्येय जातिभेद मोडण्याचे होते, आणि त्या दिशेने नेणारे एक स्थान त्यांच्या नगरीत आधीपासून होते. ते स्थान म्हणजे तालीम. वसतिगृहांच्या पाट्यांवर जातींची नावे होती, तर गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींना स्थळांची नावे होती. पेठेतील पोरे पहाटे एकाच हौद्यात उतरत, एकमेकांच्या अंगास माती लावीत व एकाच वस्तादाच्या पाया पडत. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद व लिंबू घालावयाचे, ती सर्वांनी मिळून खोऱ्याने खणावयाची आणि मगच जोडीस जोडी लावावयाची, हा तेथला नित्यक्रम. ज्या काळी शिवाशिवीचे बंड एवढे माजले होते, त्या काळी ज्या खेळात अंगाला अंग भिडल्यावाचून काही घडतच नाही, त्या खेळाला महाराजांनी राजाश्रय दिला, याचा अर्थ आपण नीट ध्यानी घेतला पाहिजे.

ही गोष्ट त्यांनी नशिबावर सोडली नाही. अस्पृश्य गणलेल्या समाजांतील मल्लांना त्यांनी मुद्दाम जवळ केले. त्यांची जात पुकारली जाऊ नये म्हणून त्यांना जाट, पंडित, सरदार अशी बिरुदे दिली. जो मल्ल आखाड्यात अशा मानाच्या नावाने पुकारला जातो व हजारोंच्या टाळ्या घेतो, त्यास बाहेर आल्यावर हीन लेखणे तितकेसे सोपे राहत नाही.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले. ते तेथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी राज्यातील नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा सुप्रसिद्ध हुकूम निघाला. याच प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन रंगमंडल पाहिले. तशा धर्तीचे मैदान आपल्या नगरीत असावे, ही कल्पना त्यांच्या मनाने तेथे घेतली. त्यातून १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान सिद्ध झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली उतरती जमीन, अशी त्याची रचना आहे. सर्वांत मागे, जमिनीवर बसलेल्या माणसासही कुस्ती पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. हजारो लोक एकाच वेळी बसू शकतील एवढे ते विस्तीर्ण आहे. आरंभीच्या मोठ्या लढतीत पंजाबचे नामांकित मल्ल इमामबक्ष, म्हणजे प्रसिद्ध गामा पैलवानांचे बंधू, व गुलाम मोहिद्दीन यांची जोड झाली आणि इमामबक्ष विजयी झाले. उत्तरेकडील मल्ल करवीरास येऊ लागले, त्यांचे डाव येथील पोरांनी पाहिले, उचलले व आपलेसे केले. मैदानाशेजारीच पुढे नाट्यगृह उभारण्यात आले. बलोपासना व कलोपासना ही दोन्ही लोकांच्या आवाक्यात आणून ठेवावी, ही त्यामागील दृष्टी उघड आहे.

मैदान बांधून महाराज थांबले नाहीत. मल्लाची अडचण खुराकाची असते. दूध, तूप व बदाम गरिबाच्या घरी कोठून यावेत? दरबाराकडून मल्लांच्या खुराकाची तरतूद झाली, तालमींना मदत मिळाली, वस्तादांना मान मिळाला. विद्यार्थ्याला वसतिगृह व मल्लाला खुराक या दोन्ही योजनांचे मूळ एकच होते. गुण गरिबाच्या घरीही जन्मतो, परंतु त्याला जागा, अन्न व शिकविणारा मिळाल्यावाचून तो वाढत नाही, हे महाराजांनी ओळखले होते. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू करताना आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे स्वागत करतानाही त्यांनी हाच विचार पुढे नेला. १९१९ साली कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत त्यांना राजर्षी ही पदवी अर्पण करण्यात आली. ६ मे १९२२ रोजी मुंबई मुक्कामी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

लावलेल्या रोपाची फळे त्यांच्या पश्चात दिसली. कऱ्हाडजवळील गोळेश्वर या लहानशा गावाचे खाशाबा जाधव कोल्हापुरास राजाराम कॉलेजात शिकले व कुस्तीतही तेथेच तयार झाले. हेलसिंकीच्या १९५२ सालच्या ऑलिंपिक सामन्यांस जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. राजा गेला होता, संस्थानही १९४९ साली विलीन झाले होते, परंतु गरिबाच्या मुलासाठी पदरमोड करण्याची रीत नगरीच्या अंगी मुरली होती.

राजाश्रय संपल्यावर तालमी लोकांनी चालविल्या. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींची नावे आज कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांसाठीही घेतली जातात, आणि पंचगंगेला पूर आला की याच तालमींची पोरे मदतीस धावतात. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. आज मुली कुस्ती खेळतात व पदके आणतात, परंतु त्यांच्यासाठी सुरक्षित व जवळची जागा अद्याप सर्वत्र नाही. शिवाय उमेदीची वर्षे मातीत घालवून पुढे हाती काहीच नसलेले मल्लही आपण पाहतो. महाराजांनी शाळा, वसतिगृह व तालीम ही तिन्ही एकाच वेळी उभी केली होती. त्यांपैकी एक उचलून दुसरे सोडणाऱ्याने त्यांचा धडा अर्धाच घेतला, असे म्हणावे लागेल.

ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो, आपल्यासारख्या संस्थांचा जन्म वसतिगृहांच्या त्या युगात झाला आहे. ज्ञातीच्या मुलांना आधार देणे हे आपले कर्तव्य आहेच. तथापि वसतिगृहाच्या दारातून निघालेला मुलगा सायंकाळी कोणत्या मैदानावर जातो व तेथे कोणाबरोबर खेळतो, याचाही विचार महाराजांनी केला होता. कार्यालये व सभागृहे आपण हौसेने बांधतो आणि ती वर्षातील बरेच दिवस कुलूपबंद असतात. त्यांचे अंगण पहाटे व सायंकाळी खुले केले, पेठेतील सर्व मुलामुलींना त्यात मोकळेपणी येऊ दिले आणि एका वस्तादाची सोय लावली, तर फार मोठे द्रव्य लागणार नाही. त्या अंगणात आपली मुले शेजारच्या समाजांच्या मुलांशी खेळतील, हरतील, जिंकतील आणि स्नेह जोडतील. राजर्षींच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन आपणांकडून होणार नाही.