बाहेर काहीच न बघता विमान उडवणारा डूलिटल, आणि तुमच्या फोनमधले सेन्सर

फोनमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप उघडून बघा. फोन कितीही वाकडा धरा, स्क्रीनवरची रेषा क्षितिजाला धरूनच राहते. अशाच एका रेषेच्या भरवशावर, बाहेरचं काहीही न बघता, टेकऑफपासून लँडिंगपर्यंत विमान उडवून दाखवणारा पहिला माणूस म्हणजे जिमी डूलिटल. जग त्याला १९४२ च्या टोकियो हल्ल्यामुळे ओळखतं. मला तो वेगळ्या कारणासाठी आवडतो. पायलट जेव्हा 'मला जाणवतं ना' म्हणायचे, तेव्हा हा गडी मोजून बघायचा.

जन्म १८९६ चा, कॅलिफोर्नियातला. बालपण अलास्कातल्या नोम गावात गेलं. १९१७ मध्ये तो लष्करात शिकाऊ वैमानिक म्हणून भरती झाला, पण पहिल्या महायुद्धात आघाडीवर जायला मिळालं नाही. इतरांना शिकवण्यातच युद्ध संपलं. १९२२ मध्ये त्याने फ्लोरिडाहून सॅन डिएगोपर्यंत, म्हणजे अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका दिवसाच्या आत पार केली. मध्ये इंधनासाठी फक्त एक थांबा.

इथून पुढे तो बाकीच्या स्टंटबाज पायलटांपेक्षा वेगळा होतो. तो एमआयटीत शिकायला गेला. लष्कराचं एक फायटर विमान घेऊन, त्यात अ‍ॅक्सेलरोमीटर बसवून, त्याने भयानक झटके देणाऱ्या कसरती केल्या आणि पंखांवर किती ताण येतो ते नोंदवलं. एकदा तर पंख मोडायच्या बेतात आले होते. हाच अ‍ॅक्सेलरोमीटर आज, तांदळाच्या दाण्याहून लहान होऊन, तुमच्या खिशात पावलं मोजतो. पुढे १९२५ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. त्या अभ्यासात त्याने वाऱ्याबद्दल पायलटांचं म्हणणं तपासलं. जमीन दिसत नसतानाही वारा कुठून येतोय ते आपल्याला कळतं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगायचे. आकडे तसं सांगत नव्हते.

आता धुक्याचा प्रश्न. तोल सांभाळायला आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात. विमान हळूहळू एका बाजूला कलत गेलं तर त्यांना पत्ताच लागत नाही. ढगात शिरलेल्या पायलटला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि विमान गिरक्या घेत खाली जात असतं. अनेक चांगले पायलट असेच गेले. होकायंत्रही वळणावर भरकटतं, त्यामुळे त्याचाही फार उपयोग नाही.

यावर उपाय होता जायरोस्कोप. वेगाने फिरणारं चाक आपली दिशा सहजी सोडत नाही, भोवरा फिरताना उभा राहतो तसंच. स्पेरी कंपनीने त्यावरून कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक बनवला. कोल्समनने हवेच्या दाबावर चालणारा, आधीच्यांपेक्षा कितीतरी अचूक उंचीमापक दिला. धावपट्टीची दिशा रेडिओ लहरींवरून कळायची. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर डूलिटल मागच्या कॉकपिटमध्ये बसला आणि वरून झाकण ओढलं. पुढे बेन केल्सी हा दुसरा पायलट होता, पण फक्त सुरक्षेसाठी. पंधरा मिनिटांत उड्डाण, चक्कर आणि लँडिंग झालं. फोनमध्ये फिरणारं चाक नसतं, सिलिकॉनचे थरथरणारे सूक्ष्म भाग असतात. काम मात्र तेच: आपण किती वळलो ते सांगायचं.

१९३० मध्ये त्याने लष्करातली कायमची नोकरी सोडली आणि राखीव दलात मेजर झाला. म्हणजे एरवी खासगी नोकरी, गरज पडली की वर्दी. नोकरी होती शेल कंपनीत. तिथे त्याने १०० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी हट्ट धरला. ऑक्टेन जास्त असलं की इंजिनात इंधन जास्त दाबता येतं, ते नको तेव्हा पेट घेत नाही, आणि ताकद वाढते. गंमत म्हणजे तेव्हा असं इंधन लागणारी इंजिनंच जवळपास नव्हती. १९४० मध्ये ब्रिटिश फायटर विमानं याच दर्जाच्या पेट्रोलवर लढली. माझ्या मते त्याचं हे काम टोकियोपेक्षा मोठं आहे.

तरी टोकियो टाळता येत नाही. १८ एप्रिल १९४२ ला हॉर्नेट या जहाजावरून १६ बी-२५ बॉम्बर, ८० माणसं घेऊन निघाले. इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या होत्या. महागडं बॉम्बसाइट काढून पत्र्याचं साधं साइट लावलं होतं, आणि शेपटीत बंदुकांऐवजी काळे रंगवलेले झाडूचे दांडे! जपानी बोटीने पाहिल्यामुळे ठरल्यापेक्षा दहा तास आधीच उडावं लागलं. डूलिटलचं विमान सर्वांत पुढे, त्यामुळे धावायला सर्वांत कमी जागा त्यालाच होती, जेमतेम १४० मीटर. बॉम्ब टाकून चीनवर पोहोचेपर्यंत रात्र झाली, पाऊस सुरू होता, जमिनीवरून रेडिओचा इशारा नव्हता. इंधन संपेपर्यंत तो उपकरणांवर उडत राहिला, मग सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. तो भातशेतात पडला.

सगळी विमानं गेली, फक्त एक रशियात धड उतरलं. आपल्यावर कोर्ट मार्शल होणार असं त्याला वाटत होतं. झालं उलटंच: कर्नलची पायरी गाळून थेट ब्रिगेडियर जनरल, आणि देशातलं सर्वोच्च शौर्यपदक. पण किंमत इतरांनीही मोजली. पकडलेल्या तिघांना जपान्यांनी गोळ्या घातल्या. वैमानिकांना लपवल्याच्या सूडापोटी चीनमध्ये हजारो गावकरी मारले गेले. पराक्रमाच्या गोष्टीत हा भाग बहुतेक वेळा एका ओळीत आटपतात.

आयझेनहॉवरना हा राखीव दलातला माणूस सुरुवातीला फारसा नको होता. तरी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या आठव्या वायुदलाची सूत्रं त्याच्याकडेच आली. बॉम्बरांना चिकटून उडणाऱ्या फायटरना त्याने मोकळं सोडलं: जा, जर्मन विमानं शोधा आणि पाडा. युद्ध संपल्यावर लेफ्टनंट जनरल डूलिटल पुन्हा शेलच्या नोकरीवर हजर झाला. राखीव दलातून तो १९५९ मध्ये निवृत्त झाला, चौथा तारा मिळाला थेट १९८५ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी. १९९३ मध्ये तो गेला. एवढ्या वेळा मरण जवळून बघितलेला हा पायलट ९६ वर्षं जगला.