न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : वर्ग, व्यासपीठ आणि मैदान

मराठीत तालीम म्हटले की लाल माती, जोर-बैठका आणि मल्लखांब डोळ्यांसमोर उभा राहतो. उर्दूत हाच शब्द शिक्षणाला वापरतात. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या आपल्या भागात मराठी आणि उर्दू दोन्ही कानावर पडत असल्याने दोन्ही अर्थ आपल्याला परिचित आहेत. परंतु एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एका ठिकाणी नांदावेत असे आपल्या शाळांतून क्वचित घडते. खेळात रमलेला मुलगा वाया गेला आणि बोलका मुलगा आगाऊ झाला, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आहे. ज्या गृहस्थांनी मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घातला, त्यांचे मत याच्या अगदी उलट होते. त्यांचे नाव न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळ खंबायतचे, सुलेमानी बोहरा पंथाचे, व्यापारी. वडील मुल्ला तय्यबअली यांनी इंग्रजी शिक्षणाला समाजात कडवा विरोध असताना आपल्या सातही मुलांना युरोपात पाठविले. घरची गुजराती बाजूला ठेवून कुटुंबाने उर्दू स्वीकारली, तीही याच पिढीत. भाषा बदलणे आणि मुले परदेशी धाडणे हे दोन निर्णय एकाच घराने घ्यावेत, यावरून त्या घरातील धिटाईची कल्पना यावी.

बद्रुद्दीन यांचे पहिले धडे दादा मखरा यांच्या मदरशात झाले. तेथे उर्दू आणि फारसी शिकून ते एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. त्या संस्थेच्या परिसराला वादविवादाची परंपरा होती. १८४८ साली तेथील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली होती. निबंध वाचावयाचे, त्यावर चर्चा करावयाची, हे तिचे काम. तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या आणि बोलता बोलता या तरुणांनी मुलींच्या शाळाही सुरू केल्या. विद्यार्थ्यांच्या चर्चामंडळातून काय उभे राहू शकते याचे हे आपल्याकडील पहिले मोठे उदाहरण.

१८६० मध्ये ते लंडनला गेले. शाळा संपवून १८६३ साली त्यांनी मिडल टेंपलमध्ये नाव घातले, पण डोळ्यांनी दगा दिला. १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धा टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. वर्षभराने पुन्हा गेले आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. या दुसऱ्या मुक्कामात दादाभाई नौरोजींभोवती जमणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांत त्यांचा वावर असे. व्योमेशचंद्र बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता हे त्याच गोटातले. काँग्रेसच्या पहिल्या सहा अधिवेशनांचे अध्यक्ष पाहिले तर १८८५ ला बॅनर्जी, १८८६ ला दादाभाई, १८८७ ला तय्यबजी आणि १८९० ला मेहता. सहांपैकी चौघे या एका मित्रमंडळातून आले. लंडनच्या गार खोल्यांत केलेल्या वादविवादांचा हा हिशेब आहे.

मुंबईस परतल्यावर तय्यबजी हे उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर असल्याने आरंभीची वाट थोडी सोपी झाली खरी, परंतु गोऱ्या वकिलांच्या त्या बालेकिल्ल्यात टिकून राहणे शेवटी स्वतःच्या वाणीवरच अवलंबून होते. १८७३ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेत आले, १८८२ मध्ये कायदेमंडळात गेले. १८८३ साली इल्बर्ट बिलाच्या बाजूने टाऊन हॉलमध्ये जी सभा झाली, तीत मेहता, काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी असे तिघे बोलले. आणि एक पारशी, एक हिंदू व एक मुसलमान अशी ही त्रयी मुंबईच्या सार्वजनिक जीवनात कायमची जोडली गेली. १८८५ च्या जानेवारीत या तिघांनी मिळून बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

या साऱ्या धावपळीत त्यांचे मन गुंतले होते ते शाळेत. १८७४ साली तय्यबजी बंधू, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमदअली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. सभा भरल्या, चर्चा झाल्या, आणि १८८० मध्ये उमरखाडीजवळ बाबुला टँक येथे शाळा उघडली. शिक्षक तीन आणि मुले १२०. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ पासून सुरू होती, मराठी आणि गुजराती बोलणाऱ्या इतर समाजांतील मुले पुढे निघून गेली होती, आणि येथे अजून इंग्रजी शिकावे की नाही यावरच वाद चालू होता. १८९० पासून मृत्यूपर्यंत बद्रुद्दीन या संस्थेचे अध्यक्ष राहिले. बोरीबंदर स्थानकासमोर सरकारकडून जागा मिळविली. १८९० मध्ये कोनशिला बसली आणि गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी १८९३ मध्ये, इमारत उघडली. आपल्याकडून लोकलने जाऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारे हजारो लोक रोज या घुमटांवरून नजर फिरवितात. इमारतीपुढचा रस्ता आज दादाभाईंच्या नावाचा आहे, हाही एक योगच.

हे लॉर्ड हॅरिस म्हणजे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे एके काळचे कप्तान. मुंबईच्या शाळाशाळांत पुढे जी ढाल प्रसिद्ध झाली तिला त्यांचेच नाव आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांच्या सांध्यावर मुंबईतील हायस्कुलांत हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्डसाठी मुलांची चुरस सुरू झाली. ड्रिल, जिम्नॅस्टिक आणि क्रिकेट एकीकडे, वक्तृत्व मंडळे आणि स्नेहसंमेलने दुसरीकडे, असा हायस्कूलचा नवा संसार याच सुमारास मांडला गेला. उत्तरेत अलीगढला सर सय्यद अहमदखान यांच्या कॉलेजात हाच प्रयोग चालू होता. केंब्रिजच्या युनियनचे अध्यक्षपद भूषविलेले थिओडोर बेक तेथे प्राचार्य झाले आणि १८८४ मध्ये वादविवादाचा सिडन्स युनियन क्लब निघाला. क्रिकेट त्याआधीच आले होते. राजकारणात तय्यबजी आणि अलीगढ यांचे मुळीच पटत नव्हते, परंतु मुलगा केवळ पुस्तकातून घडत नाही याविषयी दोघांचे एकमत होते.

मैदानाचा प्रश्न मुंबईत शाळेइतकाच बिकट होता. उत्तम मैदाने गोऱ्यांच्या ताब्यात. पारशी मंडळींनी प्रथम क्रिकेट आपलेसे केले, मागोमाग हिंदूंनी. मुसलमानांचा पहिला क्रिकेट क्लब १८८३ मध्ये निघाला आणि त्यात तय्यबजी व लुकमानी या दोन घराण्यांतील तरुणांचा पुढाकार होता. पुढे केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूस, सरकारने जमातवार जागा दिल्या. पारशी जिमखाना अगोदर होता, १८९२ मध्ये इस्लाम जिमखान्यास जागा मिळाली, आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना शेजारी आला. इस्लाम जिमखान्यामागे बद्रुद्दीन यांची प्रेरणा होती. गप्पा, भेटीगाठी व चर्चा यांसाठी इस्लाम क्लबही त्यांच्याच प्रयत्नाने निघाला. शाळा, क्लब आणि जिमखाना अशी ही तिहेरी योजना एकाच माणसाच्या डोक्यातील होती हे ध्यानात घेतले पाहिजे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. ज्याने काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले, त्याने जातवार जिमखान्याला हातभार का लावावा? तीन कुंपणांमागे तीन धर्मांची मुले खेळू लागली, आणि अंजुमनची इमारत उघडल्यावर सहाच महिन्यांनी, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. गव्हर्नर हॅरिस त्या वेळी पुण्यास होते. ते नवव्या दिवशी शहरात आले, आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी, असा ठपका त्यांच्यावर आला. मैदानामुळे दंगा झाला असे कोणी म्हणणार नाही. पण मैदान वाटणाऱ्या राज्यकर्त्याची दृष्टी काय होती ते यातून दिसते. माझ्या मते तय्यबजींनी समोर जे मिळत होते ते घेतले. मागास राहिलेल्या समाजाच्या मुलांना पायाखाली हक्काची जमीन हवी होती, आणि सर्वांसाठी एकत्र मैदान त्या काळी कोणी देऊ करीत नव्हते. तरीही या निर्णयातील खोच राहतेच, आणि ती लपवून त्यांचे चरित्र लिहिण्यात अर्थ नाही.

वादविवाद मंडळात मुलाला कधी कधी आपल्या मताविरुद्धची बाजू मांडावी लागते. विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगले मांडता आले की मग त्याला उत्तर द्यावे, ही त्या खेळाची खरी शिस्त. तय्यबजींची सर्वांत कठीण परीक्षा याच बाबतीत झाली. १८८७ च्या डिसेंबरात ते काँग्रेसचे तिसरे आणि पहिले मुसलमान अध्यक्ष झाले. सर सय्यद यांनी या संस्थेत मुसलमानांनी जाऊ नये असा जाहीर पवित्रा घेतला. कलकत्त्याचे अमीर अली आणि नवाब अब्दुल लतीफ हेही दूर राहिले. १८८८ मध्ये तय्यबजींनी या ज्येष्ठांना पत्रे लिहिली. त्यांत कोठे आवाज चढलेला नाही. सर्वांच्या हिताचे जे प्रश्न असतील त्यांत सर्वांनी एकत्र यावे आणि एखाद्या जमातीला एखादा ठराव घातक वाटत असेल तर तो रोखण्यासाठी आत राहूनच झटावे, असा त्यांचा रोख होता. नुसता युक्तिवाद करून ते थांबले नाहीत. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी वा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, हा नियम त्यांच्या आग्रहातून आला.

एवढे करूनही बहुसंख्य मुसलमान दूरच राहतात हे त्यांना दिसले. तेव्हा त्याच वर्षी त्यांनी ह्यूम यांना लिहून काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी असे सुचविले. काँग्रेसचा माजी अध्यक्ष हे लिहितो, ही गोष्ट अनेक चरित्रकार घाईने ओलांडून जातात. वास्तविक तीत त्यांचा मोठेपणा आहे. समोरच्या बाजूचे म्हणणे ऐकून स्वतःच्या बाजूविषयी शंका घेण्याचे बळ फार थोड्या पुढाऱ्यांत असते. सूचना मानली गेली नाही, आणि तय्यबजींनी काँग्रेस सोडलीही नाही.

जून १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हा मान मिळालेले ते पहिले मुसलमान. दोनच वर्षांनी राजद्रोहाच्या आरोपावरून लोकमान्य टिळकांना अटक झाली. खालच्या न्यायालयात जामीन मिळाला नाही, उच्च न्यायालयातही एकदा नकार झाला. ऑगस्ट १८९७ मध्ये बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर, आणि त्यांनी टिळकांना जामिनावर सोडले. टिळकांचे आणि तय्यबजींचे राजकारण एक नव्हते. पुढे १९०८ मध्ये याच दावरांनी न्यायाधीश म्हणून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली, हे आठवले म्हणजे १८९७ च्या त्या निर्णयाचे वजन कळते. १९०२ मध्ये काही काळ त्यांनी प्रभारी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिले. त्या आसनावर बसलेले मुंबईतील ते पहिले हिंदी.

सर सय्यद १८९८ मध्ये निवर्तले. त्यांनी स्थापिलेल्या महामेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन १९०३ च्या डिसेंबरात मुंबईत भरले तेव्हा अध्यक्षस्थानी होते तय्यबजी. जुना विरोध विसरून ते त्या व्यासपीठावर गेले, आणि गेल्यावर श्रोत्यांना आवडेल तेवढेच बोलून परतले नाहीत. मुलींचे शिक्षण आणि पडद्याची अतिरेकी चाल यांवर त्यांनी स्पष्ट मत मांडले; त्यामुळे अनेकजण दुखावले. परंतु त्यांच्या घरातील स्त्रियांनी पडदा सोडला होता, मुली शिकत होत्या, आणि १९०४ मध्ये त्यांनी दोन मुलींना इंग्लंडमध्ये हेझलमियर येथील निवासी शाळेत पाठविले. वडिलांनी मुलांसाठी जे केले ते त्यांनी मुलींसाठी केले.

रजेवर लंडनला गेले असता १९ ऑगस्ट १९०६ रोजी हृदयविकाराने त्यांचा अकस्मात मृत्यू झाला. वय ६१. चार महिन्यांनी ढाक्यास मुस्लिम लीग स्थापन झाली. त्या वेळी ते हयात असते तर तिच्याशी काय वाद घातला असता, हा तर्काचा विषय आहे.

त्यांच्या पश्चात मैदानावरचा खेळ वाढला. मुंबईच्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन ते चौरंगी झाले, आणि १९२४ मध्ये मुस्लिम संघाने ही स्पर्धा प्रथमच जिंकली. जातवार क्रिकेटवर पुढे गांधीजींसह अनेकांनी टीका केली आणि १९४६ मध्ये ते बंद पडले. जिमखाने मात्र राहिले, शाळाही राहिली. वासिम जाफर याच शाळेच्या संघातून पुढे आला. पंधराव्या वर्षी एका डावात त्याने नाबाद ४०० धावा केल्या होत्या. हॅरिस शील्डचे सामने आजही होतात, आणि त्यांतील कितीतरी अंजुमनच्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आझाद मैदानावर, सर्व धर्मांची मुले एकाच संघात घेऊन खेळले जातात.