ऑल ब्लॅक्सना जगभर ओळख मिळवून देणारा कॅप्टन मांसाच्या कंपनीत नोकरी करायचा

मॅचच्या आधी हाका करणारी, काळ्या जर्सीतली न्यूझीलंडची रग्बी टीम तुम्ही रील्समध्ये पाहिलीच असेल. तीच ऑल ब्लॅक्स. हे नाव जगभर गाजलं १९०५ च्या दौऱ्यात आणि तेव्हा कॅप्टन होता डेव्ह गॅलहर.

गंमत म्हणजे हा गडी जन्माने न्यूझीलंडचा नव्हताच. १८७३ मध्ये तो आयर्लंडमधल्या रॅमेल्टनला जन्मला. १८७८ मध्ये त्याचं कुटुंब बोटीने न्यूझीलंडला गेलं आणि काटीकाटी या नव्या वसाहतीत राहिलं. आई शाळेत शिकवायची, त्यावर घर चालायचं. १८८७ मध्ये ती कॅन्सरने गेली आणि पोराची शाळा सुटली.

पुढे ऑकलंडला आल्यावर तो मांस गोठवणाऱ्या कंपनीत कामाला लागला आणि पॉन्सनबी क्लबकडून रग्बी खेळू लागला. तेव्हा रग्बीत पगार नव्हता. आठवडाभर राबायचं आणि सुट्टीला मैदानात उतरायचं. मध्येच १९०१ मध्ये तो बोअर युद्धावरही गेला.

मग आला १९०५ चा दौरा. व्हाइस कॅप्टन बिली स्टेड चपला-बूट बनवणारा कारागीर. म्हणजे टीम अशाच कष्टकरी लोकांची. पहिल्याच मॅचमध्ये त्यांनी डेव्हनला ५५-४ असं धुतलं. पूर्ण दौऱ्यात ३५ पैकी ३४ मॅच जिंकल्या. हरले फक्त वेल्सकडून, ०-३ ने. त्या मॅचमध्ये बॉब डीन्सची ट्राय रेफरीने नाकारली, तो वाद आजही मिटलेला नाही. पण कोपऱ्यातल्या एका छोट्या वसाहतीला आपण कोण आहोत, हे या दौऱ्याने दाखवलं.

गॅलहर घरी परतला आणि खेळाडूंची निवड करण्याचं काम बघू लागला. लग्न झालं, मुलगी झाली. मग पहिलं महायुद्ध पेटलं. १९१६ मध्ये, ४२ व्या वर्षी तो स्वतःहून सैन्यात गेला. ४ ऑक्टोबर १९१७ ला बेल्जियममध्ये पॅशनडेलच्या लढाईत तो मारला गेला. त्याची कबरही तिथेच आहे.

२०११ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्क स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. पण त्याची खरी आठवण त्याच्याही खूप आधीपासून जपली जातेय. १९२२ पासून ऑकलंडचे स्थानिक क्लब ज्या ढालीसाठी भिडतात, तिचं नाव गॅलहर शील्ड आहे. त्याचा पॉन्सनबी क्लबही त्यात खेळतो.

देशाचा हा कॅप्टन गल्लीतल्या क्लबनेच घडवला होता आणि त्याचं नावही तिथल्या क्लबांनीच जिवंत ठेवलंय. न्यूझीलंडमध्ये रग्बी इतकी का भिनलीय, याचं उत्तर म्हणूनच स्टेडियमपेक्षा या छोट्या मैदानांवर जास्त सापडतं.