एकच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला नाही : डॉ. खानोलकरांनी मुंबईत नेमकं काय मोजलं होतं?

समजा, बुलढाण्यात दोन शेजाऱ्यांना रक्तदाबाची एकच गोळी सुरू झाली. महिन्याभरात एकाचा रक्तदाब आटोक्यात आला, दुसऱ्याचा जैसे थे. वय, वजन, जेवणातलं मीठ, गोळी चुकवणं ही कारणं असतातच. पण एक कारण जन्मापासून अंगात असू शकतं.

ते समजून घ्यायला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचं काम उपयोगी पडतं.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, क्वेट्टा इथला. कुटुंब गोमंतक मराठा समाजातलं. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एमडी करून ते मुंबईत आले. ग्रँट आणि सेठ जी. एस. या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी शिकवलं. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

तिथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. वेगवेगळ्या समाजांत कॅन्सर शरीराच्या वेगवेगळ्या भागांत दिसत होता. हा रक्तातला दोष, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. खानोलकरांनी आधी सवयी तपासल्या. तंबाखू तोंडात कुठे धरतात? धोतर कमरेला कुठे घट्ट बांधतात? कॅन्सर आणि सवयींचा संबंध दाखवणारा त्यांचा शोधनिबंध १९४५ मध्ये आला. धोतराची गाठ वर्षानुवर्षं जिथे घासते तिथे होणारा कॅन्सर त्यात नोंदवलेला आहे.

म्हणजे जन्मजात फरक नसतोच का? असतो, आणि त्यांनी तोही मोजला. १९४९ मध्ये त्यांनी आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा समाजांमधल्या सात आनुवंशिक गुणांची आकडेवारी प्रसिद्ध केली. हे सगळे आपापल्या समाजातच लग्नं करणारे गट होते. रक्तगटांसोबत त्यात पीटीसी या रसायनाची चवही तपासली होती.

ही चवीची चाचणी अगदी साधी आहे. पीटीसी लावलेला कागद जिभेवर ठेवला की काहींना तो कडूजहर लागतो, काहींना काहीच कळत नाही. हा फरक १९३१ मध्ये अमेरिकेत आर्थर फॉक्स यांना योगायोगाने सापडला. त्यामागचं जनुक कळायला मात्र २००३ साल उजाडलं. हे जनुक जिभेवरचा कडू चवीचा एक रिसेप्टर बनवतं.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप, औषध ही किल्ली. जनुकात एखादं अक्षर बदललं की कुलपाचा आकार किंचित बदलतो आणि तीच किल्ली नीट फिरत नाही. थायरॉइडवरचं प्रोपिलथायोयुरॅसिल हे औषधही पीटीसी ओळखणाऱ्यांनाच जास्त कडू लागतं.

हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरचंही असंच आहे. त्यात ३८९ व्या जागी काहींना आर्जिनिन असतं, काहींना ग्लायसिन. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांचा परिणाम आर्जिनिनवाल्यांत जास्त दिसल्याचं काही अभ्यास सांगतात, पण सगळ्या अभ्यासांत हे सारखं आलेलं नाही. त्यामुळे रक्तदाबाची गोळी देताना ही जनुक चाचणी सहसा करत नाहीत. डॉक्टर परिणाम बघून डोस किंवा गोळी बदलतात.

मग जात विचारून औषध ठरवायचं का? नाही. समाजासमाजांत दिसतो तो प्रमाणातला फरक. एकाच समाजात, एकाच घरात सख्ख्या भावांपैकी एकाला पीटीसी कडू लागतं आणि दुसऱ्याला नाही, असं होतं. समाजाची सरासरी बघून एका माणसाचं जनुक कळत नाही.

खानोलकर पुढे १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला त्यांचं निधन झालं. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

तेव्हा शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतःहून सुरू करू नका. आणि आपली गोळी लागू पडत नसेल तर ती परस्पर बंदही करू नका. घरात कुणाला एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.