रीजन्सी प्रणयकथेची पडद्यामागची लेखिका

जुलै १९७४ मध्ये जॉर्जेट हेअर यांच्या निधनाचे वृत्त लंडनच्या वर्तमानपत्रांत आले, तेव्हा त्यांच्या असंख्य वाचकांना एक गोष्ट प्रथमच कळली. आपल्या आवडत्या लेखिकेचे व्यवहारातील नाव मिसेस रूजिए असे होते. अर्धशतकाहून अधिक काळ लेखन, पन्नासहून अधिक पुस्तके, लाखोंचा खप आणि तरीही मुलाखत एकही नाही! रहस्यकथा लिहिणाऱ्या या बाईंनी सर्वांत कडेकोट रहस्य जपले ते स्वतःच्या आयुष्याचे.

जॉर्जेट यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ रोजी लंडनजवळील विम्बल्डन येथे झाला. आजोबा रशियातून आलेले फरचे व्यापारी, तर वडील जॉर्ज हेअर पुस्तकवेडे. धाकटा भाऊ बोरिस याला रक्तस्रावाचा विकार होता. त्याच्या आजारपणात मन रमावे म्हणून सतरा वर्षांच्या जॉर्जेट यांनी त्याला एक साहसकथा सांगायला सुरुवात केली. स्वतःवर आलेला खोटा आळ मुकाट्याने सोसून वाटमारीकडे वळलेल्या एका उमरावपुत्राची ती गोष्ट होती. वडिलांनी ती ऐकली आणि प्रकाशनाचा आग्रह धरला. १९२१ मध्ये ‘द ब्लॅक मॉथ’ प्रसिद्ध झाली. लेखिकेला तेव्हा वयाची वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

१९२५ मध्ये खाण अभियंता रोनाल्ड रूजिए यांच्याशी त्यांचा वाङ्निश्चय झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत रोनाल्ड यांच्याबरोबर टेनिस खेळून आलेले वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दोन महिन्यांनी विवाह झाला. या आघाताविषयी जॉर्जेट कधी जाहीरपणे बोलल्या नाहीत. १९२८ मधील ‘हेलन’ या कादंबरीत मात्र वडिलांच्या मृत्यूने उन्मळून पडलेली मुलगी आहे. ही कादंबरी पुढे त्यांनी स्वतःच बाजारातून मागे घेतली आणि हयातभर पुन्हा छापू दिली नाही. मन उघडे पडते असे वाटले की दार लावून घ्यायचे, हा त्यांचा स्वभावच होता.

पतीच्या नोकरीपायी त्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात गेल्या. तेथे हत्तीगवताने शाकारलेल्या झोपडीत, वन्य श्वापदांच्या सहवासात त्यांनी अठराव्या शतकातील लंडनच्या दिवाणखान्यांची कथा रचली. पुढचा मुक्काम मॅसेडोनियात पडला. तेथे दंतवैद्याने भुलीचे औषध चुकीचे दिल्याने त्या मरणाच्या दारातून परतल्या. १९२९ मध्ये हे दांपत्य मायदेशी आले.

इंग्लंडच्या इतिहासात १८११ ते १८२० हा काळ रीजन्सी म्हणून ओळखला जातो. राजा तिसरा जॉर्ज याला मानसिक आजाराने ग्रासल्यामुळे युवराज कारभार पाहत होता. नेपोलियनचा पराभव याच काळातला आणि आपल्याकडची पेशवाईची अखेरही. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्या तेव्हाच प्रसिद्ध झाल्या; पण ऑस्टिनसाठी ते वर्तमान होते. हेअर यांनी शतकभरानंतर तो काळ पुन्हा उभा केला. १९३५ मधील ‘रीजन्सी बक’पासून तरुण नायिका, गर्विष्ठ उमराव, नृत्यसमारंभ आणि चटपटीत संवाद यांचा जो साचा तयार झाला, त्यावर आजही जगभर कादंबऱ्या बेतल्या जात आहेत.

साचा उचलणे सोपे, अभ्यास उचलणे कठीण. हेअर यांच्या संग्रही हजारावर ऐतिहासिक ग्रंथ होते. पोशाख, बग्ग्या, मेणबत्त्यांचे भाव, जुगारी अड्ड्यांवरची बोली अशा सर्वांची टिपणे वह्यांत नोंदलेली असत. वॉटर्लूच्या युद्धावरील ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) लिहिताना वेलिंग्टनच्या तोंडी त्याचेच शब्द यावेत याबद्दल त्या काटेकोर होत्या. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीत या कादंबरीची शिफारस होत असे. प्रेमकथा लिहिणाऱ्या लेखिकेच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

बहुतेक वर्षी एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा असा त्यांचा शिरस्ता काही काळ होता. खुनाचे धागेदोरे रोनाल्ड यांनी जुळवायचे आणि त्यांत माणसे जिवंत करायची ती जॉर्जेट यांनी. रोनाल्ड पुढे बॅरिस्टर झाले, हे ओघानेच आले म्हणायचे! हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा त्यांची लेखणी विशेष खुलली. ‘द टोलगेट’ (१९५४) मध्ये युद्धावरून परतलेला कॅप्टन रात्री एका जकात नाक्यावर पोचतो. नाकेदार गायब आहे आणि त्याचा घाबरलेला लहान मुलगा पहारा देत आहे. कॅप्टन तेथेच थांबतो, गावच्या जमीनदाराच्या नातीच्या प्रेमात पडतो आणि चोरीच्या सोन्याचा माग काढतो. १८१७ मध्ये ब्रिटनमध्ये नवी सॉव्हरिन नाणी निघाली, ही इतिहासातील कोरडी नोंद येथे रहस्याची किल्ली बनते.

अनुकरण करणारे अर्थातच निपजले. १९६१ मध्ये दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकांतील साम्यस्थळे वाचकांनी कळविली, तेव्हा हेअर यांनी गुप्तहेराच्या चिकाटीने यादी तयार केली. त्यांना एका खासगी छापील आठवणींच्या पुस्तकात सापडलेला, सामान्यांना अनुपलब्ध असलेला वाक्प्रचार त्या पुस्तकांत वारंवार आला होता. पुरावा पक्का होता. वकिलांनी मनाईहुकूम मिळविण्याचा सल्ला दिला. परंतु त्या न्यायालयात गेल्या नाहीत.

त्यांची खरी झुंज प्राप्तिकराशी होती. पंधराव्या शतकातील बेडफर्डचा ड्यूक जॉन याच्यावर बृहद् कादंबरी लिहावी, आपले नाव तिच्यामुळे राहावे, अशी त्यांची इच्छा होती. टिपणांचे ढीग जमले होते. पण कराची मागणी आली की ते कागद बाजूला सारावे लागत आणि हातखंडा विनोदी प्रणयकथा लिहायला घ्यावी लागे. १९६६ मध्ये त्यांनी अनेक कादंबऱ्यांचे हक्क बाळगणारी आपली कंपनी बुकर मॅकॉनेलला विकली. बुकर पुरस्कार तो याच कंपनीच्या नावाचा.

ज्या पुस्तकांना त्या स्वतः हलकीफुलकी समजत, त्यांची ताकद त्यांना एका पत्राने दाखवली. रुमानियातील एका स्त्रीने राजकीय कैदेची बारा वर्षे ‘फ्रायडेज चाइल्ड’ची कथा सोबतच्या कैद्यांना पुनःपुन्हा सांगून काढली होती. तुरुंगात पुस्तक नव्हते. होती ती केवळ आठवण. चाहत्यांच्या पत्रांचे फारसे कौतुक नसलेल्या हेअर यांनी हे पत्र जपून ठेवले.

सिगारेटचे व्यसन सुटले नाही. ४ जुलै १९७४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ड्यूक जॉनची कादंबरी अपूर्णच राहिली होती. ती १९७५ मध्ये ‘माय लॉर्ड जॉन’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि तिला प्रस्तावना रोनाल्ड यांनी लिहिली.